बातमीत बोलते कोण? : माध्यमिक शाळेतील लेखनवर्ग आणि सामाजिक न्याय

सामाजिक न्याय हा विषय महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत बहुधा जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून, नागरिकशास्त्राच्या धड्यांतून आणि ठरीव मथळ्यांच्या निबंधांतून विद्यार्थ्यांसमोर येतो. निबंधात विद्यार्थी समतेची वाक्ये बिनचूक लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. परंतु त्याच आठवड्यात त्याने लिहिलेल्या शाळेच्या बातमीत कोणाचे नाव आले, कोणाचे गळले आणि ते का गळले, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. लेखनाच्या आणि वृत्तलेखनाच्या वर्गात सामाजिक न्याय खऱ्या अर्थाने आणावयाचा असेल, तर त्याला निबंधाच्या विषयांच्या यादीतून काढून लेखनाच्या शिस्तीत बसवावे लागते, म्हणजे कोणाला विचारावे, कोणाचे म्हणणे कसे नोंदवावे, काय पडताळावे आणि काय छापू नये, या रोजच्या निर्णयांचा तो भाग करावा लागतो. प्रस्तुत लेखात मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी त्या दिशेने काही कार्यपद्धती सुचवल्या आहेत.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. संधी, साधने, प्रतिष्ठा आणि बोलण्याचा अधिकार यांची वाटणी माणसाच्या जन्मावरून ठरू नये, आणि जेथे ती तशी ठरत आली आहे तेथे ती जाणीवपूर्वक बदलावी, या तत्त्वाला येथे सामाजिक न्याय म्हटले आहे. जात, धर्म, लिंग, भाषा, प्रदेश, अपंगत्व, घरचा व्यवसाय यांतून व्यक्तीला स्वतःविषयी येणारे भान आणि समाजाची तिच्याकडे पाहण्याची रीत, या दोहोंना मिळून ओळख म्हटले आहे. यासाठी वेगळ्या तासिकेची गरज नाही. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्रलेखन, सारांशलेखन, जाहिरात, बातमी आणि कथा हे प्रकार येतात, तर बारावीच्या युवकभारतीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख यांचा अभ्यास अपेक्षित असतो; म्हणजे अभ्यासक्रमाने जागा आधीच करून ठेवली आहे आणि ती वापरण्याचे काम तेवढे उरले आहे.

मराठी परंपरेतील आधार

असा प्रयत्न म्हणजे बाहेरून आणलेले खूळ आहे, असा आक्षेप काही वेळा घेतला जातो. त्याचे उत्तर मराठी नियतकालिकांच्या इतिहासातच आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलीच्या या लेखनात धर्मग्रंथांच्या अधिकाराविषयीचा युक्तिवाद आहे आणि त्याच्या शेजारीच बाळंतीण होणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते, असे प्रत्यक्ष पाहिलेले तपशील आहेत. विचाराला तपशिलाचा आधार कसा द्यावा, हे शिकवण्यासाठी विद्यार्थ्यांच्याच वयाच्या लेखिकेचा याहून समर्पक नमुना मिळणे कठीण आहे.

ताराबाई शिंदे यांच्या १८८२ मधील ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाचे निमित्त तर वृत्तपत्रीय चर्चेचेच होते. सुरतेतील एका तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांत एकूण स्त्रीजातीलाच दोष देणारा मजकूर येऊ लागला आणि ताराबाईंनी त्या मजकुराला उत्तर दिले. एखाद्या घटनेचे वृत्त देताना लेखक त्या घटनेतून कोणत्या समूहाविषयी निष्कर्ष काढतो, हे तपासण्याचा पाठ त्यातून घेता येतो. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलेले ‘दीनबंधु’ शेतकरी व गिरणी कामगारांचे प्रश्न मांडत असे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पहिल्याच अंकातील अग्रलेखात त्यांनी मुंबई इलाख्यातील बरीचशी वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात, असे निरीक्षण नोंदवले होते. वृत्तपत्रात कोण बोलते आणि कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्न अशा रीतीने मराठीत शंभर वर्षांपूर्वीच स्पष्टपणे विचारला गेला आहे. वर्गात तोच प्रश्न विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनाला लावावयाचा आहे.

स्वतःविषयीचे लेखन : सक्ती नको, पर्याय हवेत

ओळखीविषयी लेखन करवून घेताना सर्वांत मोठा धोका असा असतो की, वंचित घरांतील विद्यार्थी वर्गासाठी नमुना बनतो. ‘जातीमुळे आलेला अनुभव लिहा’ असा विषय फळ्यावर लिहिला, की काही विद्यार्थ्यांना आपली जखम उघडी करावी लागते, काहींना ती लपवण्यासाठी खोटे लिहावे लागते आणि ज्यांना जात कधी जाणवलीच नाही त्यांना वाटते, की हा विषय आपला नव्हेच. म्हणून विषय असा निवडावा, की ज्यात प्रत्येकाला काही सांगता येईल आणि कोणाला किती सांगावयाचे ते स्वतः ठरवता येईल. ‘घरात पाणी कोण भरते’, ‘माझे नाव कोणी ठेवले आणि त्याचा अर्थ काय’, ‘आजीच्या वयाच्या बाईला शाळा मिळाली का’, ‘गावातील एक रस्ता आणि त्यावरून कोण कधी जाते’ यांसारखे विषय वरवर साधे दिसतात. परंतु पाण्याच्या विषयात लिंगभाव आणि वस्ती, नावाच्या विषयात धर्म, जात आणि काळ, रस्त्याच्या विषयात गावाची रचना आपोआप उतरते.

लेखनाचे दोन स्तर ठेवणे उपयुक्त ठरते. पहिला स्तर खाजगी वहीचा असावा, जी शिक्षकानेही विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय वाचू नये. दुसरा स्तर वर्गात वाचावयाच्या मजकुराचा असावा, ज्यात काय न्यावे याची निवड विद्यार्थ्याने करावी. स्वतःऐवजी घरातील वा शेजारील व्यक्तीविषयी तृतीयपुरुषी लेखन करण्याची मुभाही असावी. अनुभव किती दुःखद आहे यावर गुण देऊ नयेत, कारण तसे केले तर विद्यार्थी दुःखाचे प्रदर्शन करावयास शिकतात. तपशिलाची नेमकेपणाने केलेली निवड, क्रम आणि भाषा यांवर गुण द्यावेत. तुलनेने सुखवस्तू घरांतील विद्यार्थ्यांनाही त्यांच्या वाट्याला आलेल्या सोयी न्याहाळण्यास सांगावे. घरातील धुणीभांडी करणाऱ्या बाईंसाठी वेगळा कप आहे का, असेल तर तो कोणी ठरवला, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर अनेक भाषणांपेक्षा अधिक शिकवून जाते.

बोलीचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो. अहिराणी, वऱ्हाडी वा मालवणी बोलणारा, किंवा घरी गोंडी, कोरकू, भिली बोलणारा विद्यार्थी प्रमाण मराठीत लिहितो, तेव्हा त्याच्या घरची भाषा लाल शाईने ‘अशुद्ध’ ठरते. येथे एक सोपा नियम करता येतो: निवेदन प्रमाण मराठीत असावे, परंतु व्यक्तीचे बोलणे ती जसे बोलली तसेच ठेवावे. आजी ‘आमाला कुनी इचारलंच न्हाई’ म्हणाली असेल, तर त्याचे ‘आम्हांला कोणी विचारलेच नाही’ करू नये. मात्र या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पुष्कळ लेखनात मजुराचे बोलणे बोलीत आणि अधिकाऱ्याचे बोलणे घोटीव ग्रांथिक मराठीत येते, जरी ते अधिकारीही प्रत्यक्षात गावच्याच बोलीत बोलले असले तरी. एकाची भाषा जशीच्या तशी ठेवून दुसऱ्याची सुधारून देणे हादेखील भेदभावच होय. नियम सर्वांना सारखा लावावा.

बातमीची तपासणी

वृत्तलेखनाच्या वर्गात प्रत्येक बातमीला एक ‘स्रोत-नोंद’ जोडण्याची सवय लावावी. स्रोत म्हणजे ज्या व्यक्तीकडून किंवा कागदपत्रातून माहिती मिळाली ते मूळ. बातमीत कोणाकोणाचे म्हणणे आले, प्रत्येकाला किती ओळी मिळाल्या, ती व्यक्ती कोणत्या नात्याने बोलली, आणि ज्यांच्यावर घटनेचा परिणाम झाला त्यांच्यापैकी किती जण बोलले, एवढेच चार स्तंभ त्यासाठी पुरेत. व्यक्तीची जात विचारून तक्ता भरण्याची आवश्यकता नाही. पद, काम, वस्ती आणि स्त्री-पुरुष प्रमाण एवढ्यानेही चित्र पुरेसे स्पष्ट होते.

शालेय बातमीचा परिचित साचा पाहिला, की या नोंदीचे महत्त्व कळते. ‘गावात स्वच्छता मोहीम उत्साहात संपन्न. मा. सरपंचांच्या शुभहस्ते मोहिमेचे उद्घाटन करण्यात आले. यावेळी अनेक मान्यवर उपस्थित होते. सफाई कामगारांनी परिश्रम घेतले.’ या चार वाक्यांत झाडू प्रत्यक्ष हातात धरणाऱ्यांना शेवटचे वाक्य मिळाले आहे आणि तेही नावाशिवाय. बातमी पुन्हा लिहिताना विद्यार्थ्यांनी विचारावे: कचरा किती निघाला आणि तो कोठे टाकला, हातमोजे मिळाले का, हे काम रोज कोण करते, त्यांना पगार कधी मिळतो, मोहिमेनंतरच्या आठवड्यात रस्ता कसा होता. असे केल्याने उद्घाटनाची वार्ता नाहीशी होत नाही, ती आपल्या योग्य जागी, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात जाते.

मराठीच्या व्याकरणातही पक्षपात लपलेला असतो आणि तो शोधण्याचा सराव वर्गाला विशेष रंजक वाटतो. ‘अधिकारी म्हणाले’ पण ‘कामगार म्हणाला’, ‘डॉक्टरांनी सांगितले’ पण ‘मोलकरणीने सांगितले’, ‘श्रीमती देशपांडे’ पण नुसतीच ‘शांताबाई’, अशी आदरार्थी बहुवचनाची आणि पूर्ण नावाची वाटणी लेखकाच्या नकळत होते. बातमीतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि सर्वत्र आदरार्थी क्रियापद द्यावे, असा नियम वर्गाच्या शैलीपुस्तिकेत, म्हणजे लेखनाच्या संकेतांच्या लहानशा वहीत, लिहून ठेवावा. दुसरी खोड ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’ या कर्मणी रचनेची. ‘वस्तीचा पाणीपुरवठा बंद करण्यात आला’ या वाक्यात तो कोणी बंद केला हे कळत नाही. कर्ता शोधून वाक्य कर्तरी करण्याचा प्रयत्न केला, की जबाबदारीचा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि कर्ता सापडला नाही तर तेही वाचकाला सांगता येते.

समूहांच्या उल्लेखाविषयी शैलीपुस्तिकेत स्वतंत्र पान असावे. जात, धर्म किंवा अपंगत्व यांचा उल्लेख बातमीच्या आशयाशी थेट संबंध असेल तरच करावा. चोरीच्या बातमीत संशयिताची जमात लिहिण्याने काहीही कळत नाही, उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समूहांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर जे विमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यांच्यावरील तोच शिक्का पुन्हा गडद होतो. याउलट, पाणवठ्यावरून झालेल्या भांडणात जात हेच कारण असेल, तर ‘दोन गटांत वाद’ असे मोघम लिहिणे हे सत्य लपवणे होय.

एक वृत्तलेख, आरंभापासून शेवटपर्यंत

वृत्तलेख म्हणजे घटनेच्या मागची पार्श्वभूमी, कारणे आणि माणसे यांसह केलेले सविस्तर वृत्तलेखन. त्यासाठी विषय शाळेच्या परिसरातूनच निवडावा. मराठवाड्यातील अनेक शाळांत दिवाळीनंतर पट रोडावतो, कारण आईवडील ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या विषयावर विद्यार्थी पहिल्या खर्ड्यात हमखास ‘पालकांच्या अज्ञानामुळे मुले शिक्षणापासून वंचित राहतात’ असे वाक्य लिहितात. शिक्षकाने त्या वाक्याखाली रेघ ओढून एवढेच विचारावे, की हे कोणी सांगितले.

तेथून खरे काम सुरू होते. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने हजेरीपटावरून, कोणाचेही नाव न घेता, जुलै आणि जानेवारी या महिन्यांतील उपस्थितीचे फक्त आकडे घ्यावेत. दुसऱ्या आठवड्यात परतलेल्या कुटुंबांशी बोलावे. तोडणीचे काम पतीपत्नीच्या जोडीने होते आणि त्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात, हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते, कामावर न गेलेल्या दिवसाचा ‘खाडा’ पडतो आणि उचल फिटेपर्यंत माघारी येता येत नाही, हे कळल्यावर अज्ञानाचे स्पष्टीकरण गळून पडते आणि त्या जागी कर्ज, मजुरी आणि मुलांना सांभाळण्याची अडचण ही कारणे उभी राहतात. मोठ्या मुलींना धाकट्या भावंडांकडे पाहण्यासाठी नेले जाते का, हा प्रश्न मुलींनी मुलींना विचारावा. तिसऱ्या आठवड्यात मुकादम, मुख्याध्यापक आणि हंगामी वसतिगृहाचे काम पाहणारे अधिकारी यांची बाजू घ्यावी; ज्यांच्यावर टीका होणार आहे त्यांना उत्तराची संधी देणे ही शिष्टाचाराची बाब तर आहेच, शिवाय त्यामुळे पुष्कळदा माहितीतील चूकही सापडते. शिक्षण हक्क कायदा २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयोगटाला लागू आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांना त्याचे संरक्षण त्याच स्वरूपात मिळत नाही, हेही याच वेळी तपासून लिहावे. चौथ्या आठवड्यात खर्डा पूर्ण करून तो ज्यांच्याविषयी आहे अशा एखाद्या कुटुंबाला वाचून दाखवावा आणि तपशिलाच्या चुका दुरुस्त कराव्यात.

शहरातील शाळांना असाच विषय नालेसफाई, फेरीवाले किंवा इमारतीच्या लिफ्टविषयीच्या नियमांत सापडेल. ग्रामीण भागात, वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यानंतर आपल्या गावातील पाट्या, पत्ते आणि बोलण्यातील नावे बदलली का, हे पाहता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तसा ठराव आपल्या गावाने केला का आणि केला असल्यास हळदीकुंकवाच्या बोलावण्यात काय फरक पडला, हाही चांगला विषय आहे. नमुन्यादाखल पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण वार्तासंग्रहातील लेख वाचून दाखवावेत. ते मराठीतही उपलब्ध आहेत आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेली वृत्तेही तेथे प्रसिद्ध होतात.

मर्यादा आणि संरक्षण

अल्पवयीन वार्ताहर अल्पवयीनांविषयी लिहीत असतात, म्हणून कायद्याच्या काही मर्यादा शिक्षकाला नेमक्या माहीत असल्या पाहिजेत. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात सापडलेल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच गुन्ह्याचा बळी वा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पॉक्सो कायदा २०१२ चे कलम २३ माध्यमांवर तशीच बंदी घालते. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. शाळा, वस्ती, वडिलांचे दुकान यांच्या उल्लेखानेही लहान गावात मूल ओळखता येते. मुलाखत देणाऱ्याला मजकूर कोठे लागणार आहे हे आधी सांगून त्याची संमती घ्यावी, मुलांच्या बाबतीत पालकांचीही घ्यावी, आणि दिलेली संमती छापण्यापूर्वी मागे घेता येते हेही सांगावे. भित्तिपत्रकासाठी दिलेले छायाचित्र व्हॉट्सअॅपवर फिरणार नाही, याची हमी देता येत नसेल तर छायाचित्र घेऊच नये.

लेखनातून एखाद्या विद्यार्थ्यावरील अत्याचार उघड झाला, तर त्या क्षणी तो लेखनाचा विषय राहत नाही. अत्याचार लैंगिक असेल, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ती न कळवणे हा प्रौढ व्यक्तीचा गुन्हा ठरतो. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनीही उपलब्ध आहे. म्हणून खाजगी वही देतानाच विद्यार्थ्यांना सांगावे, की कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे गुप्तता राखता येणार नाही. त्याचप्रमाणे जात पंचायतीच्या बहिष्कारासारख्या विषयावर मुलांना एकट्याने पाठवू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा असला तरी, गावात राहणाऱ्या कुटुंबाला त्या बातमीचे परिणाम भोगावे लागतात, आणि असे धाडस विद्यार्थ्याच्या जिवावर करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

मतभेदांचे नियमन

आरक्षण, धर्म किंवा आंतरजातीय विवाह यांवर वर्गात मतभेद होणारच. शिक्षकाने आपले मत लादू नये, पण माणसाच्या प्रतिष्ठेविषयी तटस्थही राहू नये. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे सतरावे कलम आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करण्यास सांगणारे कलम ५१-क हे चर्चेचे विषय नसून चर्चेची जमीन आहे. त्या जमिनीवर उभे राहून धोरणाविषयी कोणतेही मत मांडता यावे, आणि प्रत्येक मताला ‘याला पुरावा काय’ हा एकच प्रश्न विचारला जावा. पालकांचा वा व्यवस्थापनाचा आक्षेप आल्यास अभ्यासक्रमातील घटक, शैलीपुस्तिका आणि स्रोत-नोंद ही तीन कागदपत्रे पुढे ठेवावीत. काम लेखनकौशल्याचे आहे आणि प्रत्येक विधानाला आधार आहे, हे त्यांतून दिसते. शिक्षकाने स्वतःचीही तपासणी करावी: हस्तलिखिताच्या संपादक मंडळात कोणाची निवड होते, मथळे कोण ठरवते आणि मुलींच्या वाट्याला केवळ सजावट व सुवाच्य अक्षराचे काम तर येत नाही ना, हे दर अंकाला पाहून कामे आलटून पालटून द्यावीत.

मूल्यमापन आणि प्रकाशन

गुणदानाच्या कसोट्या आधी जाहीर कराव्यात: विधानांची पडताळणी, स्रोतांची विविधता, बाधित व्यक्तींचे म्हणणे, भाषेतील समान आदर आणि पुनर्लेखनातील सुधारणा. मत कोणते आहे यावर गुण नसावेत. पहिला आणि अंतिम खर्डा एकत्र घेऊन त्यांतील फरकाला गुण दिले, तर विद्यार्थी चूक लपवण्याऐवजी दुरुस्त करू लागतात. प्रकाशनासाठी भित्तिपत्रक, हस्तलिखित वा वार्षिकांक यांपैकी जे शाळेत चालू आहे ते वापरावे, त्यात ‘दुरुस्ती’ असा कायमचा चौकोन ठेवावा, आणि विषय गावाचा असेल तर त्याची एक प्रत ग्रंथालयात व ग्रामपंचायतीत द्यावी.

वर्षाच्या शेवटी वर्गाने सर्व स्रोत-नोंदी एकत्र करून मोजणी करावी: पहिल्या सत्रातील बातम्यांत पदाधिकारी किती बोलले आणि काम करणारे किती, पुरुष किती आणि स्त्रिया किती, गावठाणातील किती आणि वस्त्यांवरील किती. हा तक्ता पुढील इयत्तेच्या पहिल्या तासाला नव्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा आणि त्यात ज्यांचे म्हणणे सर्वांत कमी आले आहे, त्यांच्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्या बातमीची विचारपूस सुरू करावी.